कारवान हाउंडचे पिल्लू: आई-वडिलांची खात्री कशी करावी?

माळरान:
लातूर भागातून कारवान हाउंड या शिकारी कुत्र्याच्या जातीचे पिल्लू घ्यायचे आहे. ब्रीडर केनेल क्लब ऑफ इंडियाचे (कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे) कागद देतो म्हणतो आणि मादीही दाखवतो, पण नर परगावचा असल्याचे सांगतो. शर्यतीसाठी ग्रेहाउंडशी संकर केलेली पिल्ले कारवान म्हणून विकली जातात, त्यामुळे नुसत्या शब्दावर इसार द्यायला मन धजत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

श्वानसखा:
वेताची नोंद मुळात ब्रीडरने भरून दिलेल्या माहितीवर होते, त्यामुळे त्याने नर चुकीचा लिहिला तर ती चूक वंशावळीत पिढ्यान्‌पिढ्या राहते. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे नर, मादी आणि पिल्लू या तिघांची डीएनए चाचणी. पिल्लाला डीएनएमधील तपासल्या जाणाऱ्या प्रत्येक खुणेची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. आईकडून आलेली वजा केल्यावर उरलेली प्रत सांगितलेल्या नरात अनेक ठिकाणी सापडलीच नाही, तर तो नर बाप नाही हे निश्चित होते. नमुना मात्र ब्रीडरने पाठवलेला नसावा. पशुवैद्यकाने आधी कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा पंधरा अंकी क्रमांक वाचून तो कागदाशी ताडावा आणि मगच रक्त घ्यावे. गालाच्या आतून स्वॅब घ्यायचा असेल, तर पिल्लाला त्याआधी काही वेळ आईपासून दूर ठेवावे, कारण तोंडात राहिलेल्या दुधातून आईच्या पेशी नमुन्यात मिसळतात. शिवाय मादी एकाच माजात दोन नरांकडून गाभण राहू शकते, म्हणून भावंडाचा अहवाल न स्वीकारता तुम्ही निवडलेल्या पिल्लाचीच चाचणी करून घ्यावी.

गोदाकाठ:
वरील सल्ल्याला एक पुरवणी जोडतो. पालकत्व जुळले म्हणजे जात शुद्ध ठरली असे नाही. नराच्या आजोबांमध्ये ग्रेहाउंड असला तरी ही चाचणी बिनचूक जुळेल. म्हणून नर प्रत्यक्ष पाहावा, त्याची आधीची पिल्ले ज्यांच्याकडे आहेत त्यांना भेटावे आणि जुन्या वेतांच्या नोंदी मागाव्यात. २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, तसेच आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. ही नोंदणी दाखवायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माळरान:
दोघांचे मनापासून आभार. ब्रीडरने चाचणीला नकार दिला तर काय करावे?

श्वानसखा:
खर्च तुम्ही उचलण्याची तयारी दाखवा आणि निकाल विरुद्ध आल्यास इसार व चाचणीचा खर्च दोन्ही परत मिळतील, असे मायक्रोचिप क्रमांकासह लिहून घ्या. नर परगावचा असल्यामुळे त्याच्या मालकाची संमतीही आधीच लागेल. एवढे करूनही नकारच आला तर इसार देऊ नका; पुढच्या वेतापर्यंत थांबावे लागले तरी चालेल.