घरी कॉफी भाजण्याची मराठी: कच्चा दाणा, चटका, झळ आणि तडतड

परभणी (मूळ विचारणा; पुढे प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे गाव)

मी घरी लोखंडी कढईत थोडी थोडी कॉफी भाजतो. चिकमगळूर आणि कूर्गकडचा कच्चा माल पाव-अर्ध्या किलोच्या पिशव्यांतून मागवता येऊ लागल्यापासून ओळखीतल्या काही जणांनीही हा छंद धरला आहे, आणि त्यांच्यासाठी मराठीत एक टिपण लिहावे असे मनात आहे. लिहायला बसले की मात्र प्रत्येक ओळीत ‘ग्रीन बीन’ (न भाजलेला दाणा), ‘फर्स्ट क्रॅक’ (भाजताना दाणे फुटल्याचा पहिला आवाज), ‘चाफ’ (भाजताना सुटणारे पातळ आवरण) असे शब्द येतात. ओढूनताणून संस्कृत शब्द घडवण्याची माझी इच्छा नाही. आपल्या घरांत शेंगदाणे, कारळे, जवस, येसराचे धान्य हे सारे नित्य भाजले जात असल्यामुळे भाजण्याची भाषा आपल्याकडे मुबलक असली पाहिजे. तिच्यातला कोणता शब्द कॉफीला लागू पडतो आणि कोणता केवळ जवळचा भासतो, एवढेच ठरवायचे आहे. पहिला प्रश्न असा, की न भाजलेल्या कॉफीला ‘हिरवे दाणे’ म्हणावे काय?

लातूर

म्हणू नये, असे माझे मत आहे. आपल्याकडे ‘हिरवा’ हा शब्द केवळ रंग सांगत नाही, तो ओलेपणा आणि कोवळेपणाही सांगतो. हिरवा हरभरा म्हणजे घाट्यातला ओला हरभरा; आगटीत भाजून तळहातावर चोळलेला हुरडा हाही दुधाळ, हिरव्या दाण्याचाच. बाजारात येणारी न भाजलेली कॉफी याच्या नेमकी उलट असते. पूर्ण पिकलेल्या लाल फळातून काढलेले ते बी असते, आणि त्यातला ओलावा 10 ते 12 टक्क्यांपर्यंत खाली येईल इतके ते वाळवलेले असते. ‘हिरवे दाणे’ वाचून एखादा वाचक ते न पिकलेल्या फळातले समजेल, किंवा ते ओले असल्याच्या समजुतीने पुन्हा उन्हात टाकेल. मराठवाड्यातल्या एप्रिलच्या उन्हात असे दाणे टाकल्यास ते गरजेपेक्षा अधिक सुकतील, आणि मग भाजताना रंग झपाट्याने चढेल. ‘कच्चे दाणे’ हा शब्द साधा आहे, बाजारात रुळलेला आहे आणि अर्थाने अचूक आहे.

जाता जाता एक अडचण सांगते. आपल्याकडे नुसते ‘दाणे’ म्हटले की शेंगदाणेच समजले जातात. ‘दाणे भाजून घ्यावेत’ असे वाक्य टिपणात एकटे पडले, तर कोणी तरी कूट करून ठेवील. निदान पहिल्यांदा येईल तेथे ‘कॉफीचे दाणे’ असे पूर्ण लिहावे.

छत्रपती संभाजीनगर

जुन्या मराठीत यासाठी स्वतंत्र शब्द होता, तो येथे नोंदवतो. कॉफीच्या बियांना ‘बुंद’ किंवा ‘बुंददाणा’ म्हणत असत. अरबीत बीला ‘बुन्न’ आणि पेयाला ‘कहवा’ म्हणतात. या दोहोंपैकी दुसरा शब्द आमच्या शहरातल्या दखनी बोलणाऱ्यांच्या कानाला आजही परका नाही. मालही त्याच वाटेने आला. सूफी संत बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगितली जाते, आणि ते डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

तरीही ‘बुंद’ पुन्हा चालू करावा असे मी सुचवणार नाही. आजच्या वाचकाला त्यावरून हिंदीतला थेंब आठवेल, नाही तर बुंदीचा लाडू. तळटीपेत तो शोभेल.

नांदेड

आपण दाण्याच्या नावाकडून सुरुवात केलीत; मला उष्णतेच्या शब्दांबद्दल लिहावेसे वाटते, कारण मराठीची खरी श्रीमंती तेथे आहे आणि भाजण्याच्या इंग्रजी पुस्तकी भाषेला जे तीन जड पारिभाषिक शब्द (कंडक्शन, कन्व्हेक्शन, रेडिएशन) लागतात, त्यांचे काम आपल्या चुलीपुढच्या तीन शब्दांनी होते. तापलेल्या वस्तूला थेट स्पर्श झाल्याने बसतो तो ‘चटका’. गरम वाऱ्याने लागते ती ‘झळ’. निखाऱ्यापासून किंवा तापलेल्या भिंतीपासून अंतरावर उभे असतानाही जाणवते ती ‘धग’. पुढे ‘जाळ’ आणि ‘आच’ हेही शब्द आहेत, पण ते उष्णतेच्या उगमाचे: जाळ कमी करायचा, म्हणजे आच मंद होते.

आता हे कॉफीला लावून पाहावे. कढईत भाजताना दाण्याला मुख्यतः चटका मिळतो. दाण्याची एक बाजू सपाट असते आणि तो त्या बाजूवर पडून राहिला, की तेथे काळा डाग उमटतो, आणि गाभा मात्र कच्चा राहतो. म्हणून कढईत सतत हलवावे लागते. मक्याच्या लाह्या करण्याच्या विजेच्या यंत्रात काही जण कॉफी भाजतात. तेथे गरम वारा दाणे उडते ठेवतो, म्हणजे काम झळ करते आणि चटका जवळजवळ नसतो. फिरत्या पिंपात हे तिन्ही प्रकार असतात, आणि पिंपाचा वेग, जाळ व हवेचा झोत यांच्या प्रमाणावर कोणाचा वाटा किती हे ठरते. आपल्या टिपणात ‘कढईत चटका जास्त, झळ कमी’ असे एक वाक्य असले, तर पदार्थविज्ञानाचा एक परिच्छेद वाचेल, आणि वाचणाऱ्याला आपली कॉफी डागाळलेली का निघाली याचे कारणही हाती लागेल.

भडभुंज्याच्या भट्टीतली तापलेली वाळू हा चौथा प्रकार मानावा काय, असे कोणी विचारील. तो चटकाच, फक्त चारी बाजूंनी. कॉफीसाठी मात्र वाळू वापरू नये; दाण्याच्या मधल्या खाचेत अडकलेला कण चक्कीची वाट लावील.

परभणी

नांदेडच्या सरांचे आभार. ‘चटका’ आणि ‘झळ’ हे शब्द मी तसेच उचलतो. ‘फर्स्ट क्रॅक’चे काय करावे? माझ्या मनात ‘पहिली तडतड’ आणि ‘दुसरी तडतड’ असे आहे. एका मित्राने ‘पहिली लाही’ असे सुचवले.

अंबाजोगाई

‘लाही’ तर नक्कीच नको. लाही होते तेव्हा दाण्यातला पिठूळ भाग फुगून बाहेर येतो आणि दाणा उलटा होतो. कॉफीचा दाणा फुगतो, त्याची मधली खाच रुंदावते, आतल्या वाफेच्या आणि वायूच्या दाबाने त्याला भेगा पडतात, पण तो दाणाच राहतो. त्या मानाने फुटाण्याचे नाते जवळचे आहे.

मात्र ‘पहिली तडतड, दुसरी तडतड’ हेही मला मान्य नाही, आणि त्याचे कारण कानाचे आहे. हे दोन आवाज एकच आवाज दोनदा आल्यासारखे नसतात. पहिला आवाज, दाण्याचे तापमान साधारण 196 ते 205 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना, ठळक, सुटा सुटा, ‘फट्’ असा येतो; आधी एखादा दाणा, मग दोन-चार, मग सगळे. त्यानंतर थोडा वेळ शांतता असते. पुढे 224 अंशांच्या आसपास जो आवाज सुरू होतो तो बारीक, कोरडा आणि भराभर येणारा असतो. या वेळी दाण्याची आतली वीण मोडत असते आणि पृष्ठभागावर तेल दिसू लागते. इंग्रजीने दोघांना एकच नाव देऊन क्रमांक लावले, म्हणून आपणही क्रमांक लावावेत असे नाही. मराठीत पहिल्यासाठी ‘फुटणे’ आणि दुसऱ्यासाठी ‘तडतडणे’ ही दोन क्रियापदे तयार आहेत. ‘दाणे फुटू लागले’ आणि ‘दाणे तडतडू लागले’ असे लिहिल्यास पहिला कोणता आणि दुसरा कोणता हे लक्षात ठेवण्याची गरजच उरत नाही. फोडणीतली मोहरी तडतडते, ती ऐकलेला प्रत्येक जण दुसरा आवाज पहिल्याच दिवशी ओळखील.

नाम हवेच असेल तर ‘फूट’ टाळावी. तिचा राजकारणातला अर्थ फार पुढे उभा राहतो. ‘फुटण्याची वेळ’, ‘तडतडीच्या आधी’ अशी रचना पुरेशी आहे.

लातूर

अंबाजोगाईकरांचे म्हणणे पटले. दाण्यावरच्या आवरणांविषयी राहिले होते, ते लिहिते. फळापासून आत जाताना वरची साल, मग गर, मग बुळबुळीत चिकट थर, मग कडक आवरण आणि शेवटी दाण्याला चिकटलेले अगदी पातळ रुपेरी आवरण, असा क्रम असतो. कडक आवरणाला ‘टरफल’ म्हणावे, कारण शेंगेच्या टरफलाप्रमाणे ते फोडून काढावे लागते. घरी भाजणाऱ्याच्या हाती येण्यापूर्वीच ते गेलेले असते. शेवटच्याला ‘पापुद्रा’ हा शब्द चपखल आहे. भाजताना हाच पापुद्रा सुटतो आणि मग त्याला ‘फोलपट’ म्हणता येते. ‘कोंडा’ म्हणू नये. कोंडा दळल्यावर निघतो.

ही फोलपटे जाळावर पडली तर चटकन पेट घेतात, हे टिपणात ठळक अक्षरांत असावे. सुपात घेऊन झटकणे म्हणजे ‘पाखडणे’ आणि वाऱ्यावर वरून सोडणे म्हणजे ‘उपणणे’. कॉफीला दोन्ही चालते, पंख्यासमोर उपणले तर दाणे गारही लवकर होतात. घराबाहेर करावे, एवढेच.

उदगीर

व्यापारातल्या शब्दांबाबत सावध राहावे, असे सुचवतो. भारतीय कॉफीच्या व्यवहारात ‘चेरी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. झाडावरच्या पिकलेल्या फळालाही चेरी म्हणतात, आणि ते फळ सालीसकट वाळवून मग दाणा काढला असेल तर त्या मालालाही ‘चेरी’च म्हणतात. गर काढून, धुऊन, टरफलात वाळवलेल्या मालाला ‘पार्चमेंट’ म्हणतात, आणि अरेबिका जातीच्या अशा मालाला ‘प्लँटेशन’. म्हणजे पिशवीवर ‘अरेबिका चेरी’ लिहिले असेल, तर आत फळे नसतात. हे शब्द भाषांतरित करू नयेत. खरेदी करताना तेच विचारावे लागतात. कंसात किंवा पहिल्या उल्लेखात ‘सालीसकट वाळवलेली’ आणि ‘धुतलेली’ असा खुलासा करावा. सालीसकट वाळवलेल्या मालावर पापुद्रा अधिक राहतो, म्हणून फोलपटेही अधिक उडतात.

लहान आकाराच्या दाण्यांचाही उल्लेख टिपणात येईल. त्याबाबत ‘बारीक’ हा शब्द वापरू नये. ‘बारीक कॉफी’ म्हटले की दळणाचा बारीकपणा समजला जातो. आमच्याकडचा ‘बारका दाणा’ चांगला आहे. दाण्याचा आकार चाळणीच्या भोकांवरून ठरतो, आणि चाळणीचा क्रमांक म्हणजे इंचाचे चौसष्टावे भाग. 18 क्रमांकाच्या चाळणीची भोके म्हणून सुमारे 7.1 मिलिमीटरची असतात. ‘पीबी’ (पीबेरी) म्हणून मिळणारा दाणा मात्र केवळ बारका नसतो. फळात एरवी दोन दाणे समोरासमोर सपाट बाजूंनी चिकटून वाढतात. कधी कधी एकच वाढतो आणि गोलसर होतो. त्याला ‘एकदाणी’ म्हणावे. ‘एकबीजी’ म्हटल्यास वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातली वेगळीच वाट सुरू होईल. नांदेडच्या सरांनी सांगितलेला चटका या गोल दाण्याला कमी बसतो, कारण तो कढईत घरंगळत राहतो.

हिंगोली

उत्तम दर्जाच्या कॉफीला म्हणतात त्या ‘स्पेशालिटी’ला ‘निवडक’ म्हणता येईल काय?

उदगीर

अर्थ अपुरा पडतो. खडे, काळे व कीडके दाणे निवडणे हा त्याचा एक भाग झाला. पण ती संज्ञा चव पाहून दिलेल्या गुणांवर ठरते, आणि 100 पैकी किमान 80 गुण ही तिची सर्वमान्य मर्यादा आहे. अमेरिकेतल्या कॉफी व्यापारी एर्ना नटसन यांनी 1974 मध्ये तो शब्दप्रयोग रूढ केला, तेव्हा विशिष्ट भूभागाच्या हवामानातून येणारी वेगळी चव त्यांच्या मनात होती. ‘स्पेशालिटी’ असेच लिहावे.

हिंगोली

आणि ‘लाइट रोस्ट’ला ‘हलकी भाजणी’? आमच्या घरी हे वाचून कोणी चकलीचा सोऱ्या काढील.

बीड

हसू आले, तरी ‘भाजणी’ला मी नाकारणार नाही. पेरणी, मळणी, काढणी यांप्रमाणे ती मुळात क्रियाच आहे; पिठाला ते नाव नंतर चिकटले. ‘हलकी भाजलेली कॉफी’ असे विशेषण केले, की सोऱ्या कपाटातच राहतो.

माझा आक्षेप ‘खरपूस’ या शब्दाला आहे. आपल्याकडे ते भाजण्याचे सर्वांत मोठे कौतुक आहे आणि त्यामुळे लिहिणारा नकळत सगळीकडे तोच वापरतो. हलक्या भाजलेल्या कॉफीत फळाचा आंबटपणा राखायचा असतो. ती खरपूस झाली म्हणजे हेतू हुकला. दोषांसाठी मात्र मराठी फार नेमकी आहे: गाभ्यापर्यंत आच न पोचलेली ती ‘कच्चट’, जाळ जास्त झालेली ती ‘करपट’, फोलपटांचा धूर बसलेली ती ‘धुरकट’, आणि मंद आचेवर फार वेळ रेंगाळून सपाट झालेली ती ‘मिळमिळीत’. पहिल्या तिघी वासावरूनही कळतात, चौथी प्यायल्यावरच.

आणखी एक. भाजल्यानंतर कॉफी काही दिवस ठेवतात, त्याला ‘मुरणे’ म्हणू नये. लोणचे मुरते तेव्हा फोडींत काही तरी शिरते. येथे दाण्यातून कर्बवायू बाहेर पडत असतो. ‘विसावणे’ बरे.

परभणी

सर्वांच्या सूचना घेऊन एक परिच्छेद लिहिला आहे. कृपया तपासावा.

“कढई मध्यम आचेवर तापवून तिच्या तळाला एक थर बसेल एवढेच कच्चे दाणे घालावेत आणि हात न थांबवता हलवत राहावे. दाणे आधी पिवळसर होतात व ओल्या गवतासारखा वास येतो. पुढे ते बदामी होतात, वास भाजलेल्या पावासारखा होतो आणि पापुद्रे सुटू लागतात. दाणे फुटू लागले की जाळ थोडा कमी करावा. हलकी कॉफी हवी असल्यास फुटण्याचा आवाज विरळ होताच कढई उतरवावी. तडतडण्यापर्यंत नेल्यास फळाचा आंबटपणा जातो आणि कडवटपणा वाढतो. नंतर दाणे निववावेत, पाखडावेत आणि डब्यात भरून दोन-तीन दिवस विसावू द्यावेत.”

अंबाजोगाई

एकच दुरुस्ती सुचवते. ‘निववावेत’ काढावे. निवणे हे आपोआप, सावकाश होते. ताटातला भात निवतो. कढईतून काढलेला दाणा स्वतःच्या उष्णतेने पुढे भाजला जात असतो, त्यामुळे तो चार-पाच मिनिटांत हाताला लागू नये इतका थंड व्हावा लागतो. तेथे ‘दोन चाळण्यांतून आलटून पालटून ओतून लगेच गार करावेत’ असे लिहावे, आणि त्याच ओघात बरीचशी फोलपटेही उडून जात असल्यामुळे ‘पाखडावेत’ हा शब्द ‘गरज वाटल्यास’ या पुस्तीसह ठेवावा.