"पाणी कुठपर्यंत आलंय?" : पंचगंगा-कृष्णाकाठचे महापुराचे अनुभव

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांकडं सरकायला लागली की कोल्हापुरात दुसरा विषयच नसतो. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. पण फुटातला आकडा कळला म्हणून आपल्या गल्लीत पाणी कधी शिरणार ते कळत नाही, ते शेजाऱ्याकडूनच कळतं. ऑगस्ट २०१९ आणि परत जुलै २०२१ ला मला सगळ्यात उपयोगी पडले ते साधे मेसेज, "आत्ता साडेचारला व्हीनस कॉर्नरला दुभाजकाला पाणी लागलंय, स्वतः बघून आलोय". वेळ आहे, जागा आहे, बघणारा माणूस आहे. आणि सगळ्यात जास्त जीव खाल्ला तो "धरण फुटलं" छापाच्या फॉरवर्डनी. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी जातं. दरवाजा उघडला म्हणजे धरण फुटलं नव्हे, पण रात्री दोन वाजता म्हाताऱ्या माणसाला ते कोण समजावणार?

तर पूर ज्यांनी बघितलाय त्यांनी लिहा. तुमच्याकडं पाणी कुठून आलं, कुठली माहिती कामाला आली, कशाची काळजी अजून वाटते. कुणाचं नाव, नंबर नको.

कुंभार गल्ली, शाहूपुरी

आमच्याकडं पाणी नदीकडून समोरून येत नाही, जयंती नाला तुंबतो आणि तो मागं फिरतो. नवीन भाडेकरू नदीच्या दिशेला बघत बसतात आणि पाणी मागच्या मोरीतनं वर येतं. २०१९ ला गणपती २ सप्टेंबरला होते, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घरोघरी मूर्ती भरलेल्या, काहींचं रंगकाम चालू. शाडूच्या मूर्तीला पाणी लागलं की ती बुडाकडनं सुटायला लागते, आधी बैठक मऊ होते, मग भेगा पडतात, मग हात लावला की बोटं आत जातात. गल्लीतल्या पोरांनी साखळी करून लहान मूर्ती आधी माळ्यावर आणि मग वरच्या अंगाच्या ओळखीच्यांच्या हॉलमध्ये नेल्या. मोठ्या मंडळांच्या मूर्ती तशाच राहिल्या, त्या हलतच नाहीत. आईनं जिन्याच्या पायरीवर विटेच्या तुकड्यानं रेघ मारली होती, ती बुडाली की वर दुसरी. मी त्या रेघांचे फोटो वेळेसकट टाकत होतो आणि ते बघून पुढच्या बोळातल्यांनी गाड्या काढल्या. वर्षभराची कमाई त्या मूर्तींत असते ओ, एक सीझन गेला की पुढचं कर्ज काढूनच सुरू करायचं.

गावभाग, सांगली

आमचा सगळा हिशोब कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. सांगलीचा घात कशानं झाला सांगू का, २००५ च्या पुरानं. आमच्या भागात प्रत्येक भिंतीवर २००५ ची खूण, आणि जो तो म्हणायचा "इथवर आलं नव्हतं, येणार नाही". लोकांनी सामान त्या खुणेच्या वर ठेवलं आणि निवांत झाले. २०१९ ला आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलं, २००५ पेक्षा तीन फूट तरी जास्त. तीन फूट ऐकायला काही वाटत नाही पण फ्रिज पलंगावर चढवून ठेवलाय, आणि पाणी पलंगाच्या वर तीन फूट, असं ते आहे. शेजारचे काका दुसऱ्या मजल्यावर अडकले, त्यांच्या शुगरच्या गोळ्या खाली देवघराच्या फडताळात. बोटवाल्या पोरांनी कुठूनतरी मिळवून दोरीनं वर पोचवल्या. माझं सगळ्यांना एकच सांगणं आहे, मागच्या पुराची खूण ही मागच्या पुराचीच आहे, तिच्यावर हवाला ठेवून घरात थांबू नका. औषधं, चष्मा, कागदपत्रं एका पिशवीत घालून ती पिशवी दाराजवळ ठेवा, माळ्यावर नको.

प्रयाग चिखली

आमच्या गावाला पाचवीलाच पुजलंय हे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्या इथंच एकत्र येत्यात. चिखली-आंबेवाडीला लवकर बाहेर पडा म्हणून दवंडी होती, पण माणूस निघतंय, जनावराचं काय करायचं? ज्याच्या गोठ्यात पाच-सहा म्हशी त्यो घर सोडायला तयार होत न्हाई, कारण नेऊन बांधायची कुठं, वैरण कुठनं आणायची, धार काढून दूध घालायचं कुणाला, रस्ते बंद झाल्यावर संकलन पण बंद. शेवटी पाणी छातीला आल्यावर लोकांनी दावी सोडली, काही जनावरं पोहून टेकाला लागली, काही गेली. ज्या घरांनी पाणी रस्त्यावर यायच्या आधी जनावरं सोनतळीकडं हलवली त्यांची वाचली. त्यामुळं आता आमच्यात पहिला निरोप "पाणी आलं" असा नसतोय, "वैरण कुठं मिळंल आणि शेड कुणाचं रिकामं हाय" असा असतोय. तेवढं कळलं की माणूस आपोआप बाहेर पडतंय.

पुण्यात नोकरी, आईबाबा सांगलीत

लांब असणाऱ्यांचं वेगळंच असतं. टीव्हीवर दिवसभर तेच हेलिकॉप्टरमधून काढलेलं दृश्य, त्यात आपलं घर कुठलं ते शोधायचं. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, ट्रकच्या रांगा, जायचं तरी कसं. आईचा फोन लागायचा बंद झाला कारण वीज नाही, चार्जिंग नाही. मला धीर दिला तो समोरच्या बिल्डिंगमधल्या एका ताईंनी, मी त्यांना कधी भेटलेही नव्हते. त्या रोज संध्याकाळी खिडकीतून हाक मारून आईबाबांची खुशाली विचारायच्या आणि मला एक ओळ पाठवायच्या, "दोघे गच्चीत दिसले, हात केला". बास एवढंच. ज्यांच्याकडे पॉवर बँक आहे त्यांनी प्लीज शेजारच्या म्हाताऱ्यांसाठी अशी एक ओळ पाठवा, पलीकडे कुणीतरी त्याची वाट बघत जागं असतं.

आणि अजून एक, कोयनेतून विसर्ग वाढवला की लगेच घाबरून फोन करू नका, कराड, मग बहे, ताकारी, भिलवडी आणि मग आयर्विन असा तो फुगवटा टप्प्याटप्प्यानं उतरतो. वरच्या पुलांची पातळी बघायला शिकले आणि सामान हलवायला, माणसं काढायला किती वेळ हातात आहे त्याचा अंदाज यायला लागला.

पलूस तालुका

ब्रह्मनाळचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. ८ ऑगस्ट २०१९, लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बायका, लेकरं होती तिच्यात. आमच्या भागात त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत. बोट आली की सगळे एकदम चढतात, कारण परत येईल की नाही याचा भरवसा नसतो, त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही. पण लाइफ जॅकेट नाही, क्षमतेपेक्षा माणसं जास्त, तर चढू नका आणि दुसऱ्याला पण चढू देऊ नका. पूर यायच्या आधी गावात किती बोटी, किती जॅकेट आहेत हे ग्रामसभेत मोजून घ्या, पाणी आल्यावर विचारून उपयोग नाही.

कुरुंदवाड, शिरोळ तालुका

वरचे लोक म्हणतात पाणी उतरायला लागलं, तेव्हा आमच्याकडं ते चढत असतं. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा भेटतात, कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला जायला वाट मिळत नाही, ती मागं तुंबते. वाडीत दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे नदीचं पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहून दक्षिण दारानं बाहेर पडलं, की भाविकांची गर्दी होते, श्रद्धा आमचीही आहे, पण त्याच पाण्यात आमची शेती जायला लागलेली असते. ऊस नुसता बुडक्यात पाण्यात असला तर तग धरतो, पण शेंडा बुडून पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांत) गाळ बसला की कांडं कुजत जातं, वरून हिरवं दिसतं आणि आत वास. कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पाणी मागं तुंबतं का, यावरून आमच्यात वाद कायम चालू. पुराची कारणं शोधायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं अतिवृष्टी आणि पात्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं, पण गावात अजून बऱ्याच जणांना अलमट्टीचा संबंध नाही हे पटत नाही, आणि कर्नाटकनं उंची वाढवायचा विषय काढला की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

कोल्हापूर, उपनगर

आमच्याकडं पूर आला नाही, तरी हाल झालेच. शिंगणापूरचं उपसा केंद्र बुडालं की नळाला पाणी नाही. चहूकडं पाणी आणि प्यायला टँकरची वाट. पेट्रोल अत्यावश्यक सेवेलाच. न बुडालेल्यांनी पिंप आधी भरून ठेवावीत आणि टँकर आला की आधी तान्ह्या मुलांच्या घरात द्यावं, आमच्या कॉलनीत हे बोलून ठरवलं होतं म्हणून भांडणं झाली नाहीत.

नर्स, कोल्हापूर

पाणी ओसरल्यावरचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. खरं काम तेव्हा सुरू होतं. गाळ ओला असेपर्यंतच ओढून काढा, एकदा वाळला की फावडंही चालत नाही. घरात शिरताना आधी काठी आपटा, कपाटामागं, गाद्यांच्या गुंडाळीत साप बसलेले असतात. मेन स्विच वायरमनला दाखवल्याशिवाय लावू नका. पायाला जखम असेल तर गमबूट घातल्याशिवाय चिखलात उतरू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) त्याच वाटेनं होतो, आणि ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या तर अंगावर काढू नका, डॉक्टरला पुराच्या पाण्यात होतो हे आवर्जून सांगा. त्यावरच्या डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिन) गोळ्या सरकारी केंद्रात देतात पण गरोदर बाईनं आणि लहान मुलांसाठी विचारल्याशिवाय घेऊ नका.

शाहूपुरी (सुरुवातीचं आवाहन लिहिणारा)

नर्सताई, हे फार कामाचं आहे, मी वेगळं काढून ठेवतोय. गावभागवाल्या दादांना एक विचारायचं होतं, तुमच्याकडं निळ्या आणि लाल पूररेषेच्या (पूर कुठवर येऊ शकतो ते दाखवणाऱ्या सरकारी रेषा) आत नवीन बांधकामं अजून चालू आहेत का? आमच्याकडं जिथं २०१९ ला बोट फिरली तिथं आता पार्किंगसकट इमारत उभी राहतेय, आणि फ्लॅट बघायला येणाऱ्यांना कुणी सांगत नाही. मी जाऊन सांगतो, बिल्डरची माणसं चिडतात, तरी सांगतो. घेणाऱ्यांनी निदान शेजारच्या जुन्या घरात जाऊन "पाणी कुठपर्यंत आलेलं" एवढं तरी विचारावं.