भूक लागली की खाईल?

किशोरवयीन मुलाने ॲनोरेक्सियामुळे (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं टाळण्याचा मानसिक आजार) जेवण सोडलं की काही जण म्हणतात, 'हट्ट आहे नुसता, भूक लागली की खाईल आपोआप'. हे मत काही पटलं नाही. या आजारात उपासमारच मनाला आणखी जखडते. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते चिडचिडे, एकलकोंडे झाले, डोक्यात सतत खाणंच. काहींनी तर पाककृतींची पुस्तकं जमवली! आजार त्यांना नव्हताच मुळी. म्हणून आधी वजन सावरायचं, मग समुपदेशन खऱ्या अर्थाने लागू पडतं.

किशोरवयात सहसा कुटुंबाधारित उपचार आधी सुचवतात. सुरुवातीला काय, किती खायचं ते आईवडील ठरवतात. वजन सावरलं की सूत्रं हळूहळू मुलाच्या हाती. (हो, मुलग्यांनाही होतो हा आजार, फक्त लक्षात उशिरा येतो.) घरात कुणाच्याही वजनावरून टोमणे मात्र बंद, गमतीतसुद्धा.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. फार खंगलेल्या मुलाला घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने घसरून जिवावर बेतू शकतं. मंद नाडी, भोवळ, पाळी बंद होणं, यातलं काहीही दिसलं तर वाट न पाहता डॉक्टर गाठा.