मदत हवी आहे: कर्नलच्या कॉल ट्रेसमध्ये सगळीकडे प्रश्नचिन्हंच

नमस्कार मंडळी. अंधेरीत एका छोट्या टीममध्ये काम करतो. आमच्या एक्स८६-६४ बॉक्सवर स्वतःचं लिनक्स कर्नल मॉड्यूल (सिस्टिमच्या गाभ्याला जोडलेला कोड) चालतं. लोड वाढला की कधीतरी पॅनिक येतो (कर्नलच बंद पडतो) आणि सीरियल कन्सोलवर जो कॉल ट्रेस (कुठल्या फंक्शनने कुठल्याला कॉल केलं त्याची यादी) मिळतो, त्यात जवळजवळ प्रत्येक फंक्शनच्या आधी '?' असतं. म्हणजे ते पत्ते स्टॅकवर (कॉलच्या नोंदी राहतात त्या मेमरीत) सापडले इतकंच. खरंच त्या वाटेने कॉल आला की जुना कचरा पडून आहे, देव जाणे.

कॉन्फिग पाहिलं तर अनवाइंडर (स्टॅक वाचून हा ट्रेस बनवणारा भाग) 'गेस'वर, म्हणजे नुसत्या अंदाजावर ठेवलेला. मेमरी वाचवायला कुणीतरी केलं असणार (काय वाचवलं आणि काय घालवलं!). आता दोन पर्याय दिसतात. फ्रेम पॉइंटर (प्रत्येक कॉलची स्टॅकवरची जागा दाखवणारे) लावले तर प्रत्येक फंक्शनला जास्तीच्या सूचना, म्हणजे वेग थोडा कमी. कर्नल ४.१४ पासून आलेला ऑर्क (स्टॅकची माहिती वेगळ्या तक्त्यांत ठेवणारा अनवाइंडर) वेगाला हात लावत नाही, पण त्याच्या तक्त्यांना २ ते ४ एमबी मेमरी लागते. माझा कल ऑर्ककडे आहे.

खरी अडचण पुढे आहे. मॉड्यूलमध्ये हाताने लिहिलेलं असेंब्ली आहे आणि ते स्टॅक पॉइंटर हलवतं. तिथे ऑब्जटूल (बिल्डच्या वेळी कोड तपासून ऑर्कचे तक्ते बनवतो तो) इशारे देतो. अशा ठिकाणी अनवाइंड हिंट (तिथे स्टॅक कसा आहे हे ऑब्जटूलला सांगणाऱ्या खुणा) नेमक्या कुठे घालायच्या? की तो भाग सी-मध्येच पुन्हा लिहावा?

डीकोड स्टॅकट्रेस स्क्रिप्ट वापरतोच, पत्त्यांवरून सोर्समधले ओळ क्रमांक मिळतात. पण ट्रेसच अंदाजाचा असेल तर त्यांचा काय उपयोग? कुणी असा बदल चालू प्रॉडक्टवर केला असेल तर अनुभव सांगा. मराठीत, इंग्रजीत, कसंही चालेल.