मदत हवी आहे: डिझेल टाकीचं झाकण नि जाळी गंजतेय

मंडळी, माझ्याकडे १९९८ ची टाटा ४०७ (छोटा ट्रक) आहे, रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेटीवरून मासळी नि बर्फाची भाडी मारतो. खारं पाणी गाडीभर गळत असतं त्यामुळे पत्र्याचं काय होतं ते किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको, पण आता टाकीच्या झाकणाची आतली बाजू पापुद्रे धरून सुटायला लागलीय आणि तोंडातली गाळणीची जाळी तर हाताने दाबली की चुरा होते. तो सगळा चुरा टाकीत. महिन्यात दोनदा फिल्टर चोक झाला, एकदा हातखंब्याच्या चढावर भर पावसात गाडी बंद पडली, मासळी मागे आणि मी डिझेल चढवायला हातपंप मारतोय.

खालचा बूच उघडला तर आधी पाणीच आलं. पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर उभी असते, त्याचं बाष्प असणार. आता रात्री टाकी फुल करून ठेवतो.

मेकॅनिक म्हणतो जस्ताची जाळी बसव, पण डिझेलला जस्त चालत नाही असं मला माहितेय, म्हणून पितळेची की स्टेनलेसची? झाकण नवीन घेतलं तर हवेचं भोक असलेलंच लागेल ना, नाहीतर टाकीत व्हॅक्यूम होऊन डिझेल ओढणार नाही. आणि टाकी उतरवून आतून साफ करून कोटिंग मारलेलं कोणाचं टिकलंय का, की सरळ नवीन टाकी? रत्नागिरी-लांजा बाजूला टाकीचं काम करणारा चांगला माणूस असेल तर तेही सांगा.