मदत हवी आहे: बाबांचे कागदी शेअर आईच्या नावावर कसे करायचे?

नमस्कार मंडळी. नौपाड्यातली आमची जुनी इमारत पुनर्विकासाला चाललीय. आवराआवर करताना माळ्यावरच्या ट्रंकेत बाबांच्या नावाची 3 शेअर सर्टिफिकेटं सापडली. 1994 सालची, दर्शनी किंमत 10 रुपये, एकाची कडा कसरीने खाल्लेली. बाबा जाऊन 9 वर्षं झाली. नॉमिनी कुणीच नाही, डिमॅट (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवायचं खातं) त्यांनी कधी उघडलंच नव्हतं.

मला कळलंय ते असं: एप्रिल 2019 पासून कागदी शेअर दुसऱ्याला विकता येत नाहीत, पण वारसाच्या नावावर करता येतात. तो अर्ज शेअर बाजाराकडे नाही, कंपनीच्या रजिस्ट्रारकडे (कंपनीसाठी भागधारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) जातो. आणि सलग 7 वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफमध्ये (गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधी) जमा होतात. इथे माझ्या पोटात गोळा आला, कारण लाभांशाचे चेक जुन्या पत्त्यावर जात असणार.

आता प्रश्न. एक कंपनी त्या नावाने सापडतच नाही, विलीन झाली असावी. तिचा आजचा रजिस्ट्रार कसा शोधायचा? खाल्लेलं सर्टिफिकेट चालेल की डुप्लिकेट मागवावं लागेल? आम्ही दोघं भावंडं हक्क सोडायला तयार आहोत, मग नुसतं प्रतिज्ञापत्र पुरेल का वारसा प्रमाणपत्रासाठी कोर्टात जावं लागेल?

एका एजंटाने निम्मी रक्कम मागितली. निम्मी! ठाण्यात कुणी हे स्वतः केलं असेल तर कृपया सांगा. आई 74 वर्षांची आहे, सह्यांसाठी तिला फार फिरवायचं नाहीये.