‘टीशक’ला पंतप्रधान म्हणायचं नाही म्हणे!

रिकामटेकडा
काल इथेच कुणीतरी ठणकावून लिहिलं: आयर्लंडच्या सरकारचे प्रमुख झालेले लिओ वराडकर कधीच पंतप्रधान नव्हते, ते ‘टीशक’ होते, हा शब्द संस्कृत ‘तक्षक’वरून आलाय, त्याचा अर्थ टोळीचा नाईक, आणि 2017 साली ‘मालवणच्या मातीतला पंतप्रधान’ छापणारी मराठी वर्तमानपत्रं अडाणी. त्याला लोकांनी धडाधड बदाम दिले. तिथे प्रतिसाद लिहायला बसलो आणि लांबला, म्हणून वेगळी जिलबी.

आधी तो तक्षक बिळात घाला. टीशकचं मूळ जुन्या आयरिशमधला शब्द ‘तोइशेख’, म्हणजे म्होरक्या. त्याचा वेल्श भाऊबंद ‘तवूसोग’. प्रिन्स ऑफ वेल्सला वेल्शमध्ये तोच शब्द लावतात. वेल्समधल्या एका जुन्या कोरीव दगडावर ‘तोविसाकी’ असं षष्ठीतलं रूप आहे, ‘म्होरक्याचा’. स्कॉटलंडचे मॅकिंटॉश म्हणजे ‘म्होरक्याचा पोर’. दवाखान्यात खाटेवर जे रबरी मॅकिंटॉश अंथरतात, तेही याच आडनावाचं. साप कुठेच नाही.

आता पद. 1937च्या आयरिश राज्यघटनेच्या 28व्या कलमात सरळ म्हटलंय की सरकारचा प्रमुख, म्हणजेच पंतप्रधान, याला टीशक म्हणावं. घटनाच पंतप्रधान म्हणतेय, तर आपण का लाजायचं?

आणि कालच्या लेखात अनेकवचन ‘टीशक्स’! अहो, अनेकवचन ‘टीशी’. षष्ठीतही ‘टीशी’: ‘रोन अन टीशी’ म्हणजे टीशकाचं खातं. हाक मारताना तर पहिला ट गळून ‘अ हीशी’ होतं. घोडा, घोड्याचा, घोड्यांनो करणाऱ्यांना हे जड जाऊ नये.

नागवेल
तो ‘कुणीतरी’ मीच. तक्षक फॉरवर्डमधून आला होता, घ्या, परत घेतला. झाला आनंद?

बाकी मुद्दा जिथल्या तिथे आहे. 1937 साली डॉलमध्ये, म्हणजे आयरिश लोकसभेत, फ्रँक मॅकडरमट या खासदाराने दुरुस्ती मांडली होती की इंग्रजी मसुद्यात ‘प्राइम मिनिस्टर’च ठेवा. तेव्हाचे सरकारप्रमुख डी व्हॅलेरा यांनी टीशकचा अर्थ सरदार, कप्तान असा सांगितला आणि शब्द बदलायला नकार दिला. दुरुस्ती मतदानात पडली. जे त्यांनी मतं मोजून नाकारलं, ते तुम्ही मराठीत मागच्या दाराने आणताय. इंग्रजांच्या जोखडातून सुटलेल्या देशाने मुद्दाम स्वतःचा शब्द निवडला, त्याला काही किंमत?

रिकामटेकडा
किंमत आहे, इंग्रजीत! दुरुस्ती इंग्रजी मसुद्यापुरती होती, आयरिश मसुद्यात टीशक राहणारच होता. मराठीवर इंग्रजांचं कसलं जोखड राहिलंय की आपणही टीशक लिहावं? शिवाय 1919च्या पहिल्या डॉलमध्ये प्रमुखाला आयरिशमध्येच ‘प्रीव्ह आरे’ म्हणत. शब्दशः मुख्य मंत्री. तेव्हा ते काय कमी स्वाभिमानी होते?

लिफीकाठची
तुम्ही दोघंही उच्चार चुकवताय. माझी लेक इथे डब्लिनला शाळेत आयरिश शिकते, सक्तीचा विषय आहे. ती ‘टीशक’ म्हणाली की बाई थांबवतात. तो ट नाहीच, दातांवर जीभ टेकवून म्हणायचा आपला ‘त’ आहे. शेवटी क नाही, घशातला ख. तीशख. वर्गातली आयरिश पोरं ट-ट करत असताना माझी मराठी पोरगी पहिल्या फटक्यात जमवते. लिहिताना तरी नीट लिहा.

रिकामटेकडा
तुमच्या लेकीचं कौतुक आहेच, पण डब्लिनच्या बसमध्ये बातम्या लागल्या की सगळे टीशकच म्हणतात. मी तेच लिहिणार.

ठाण्याचा ठोंब्या
टीशकचं राहू द्या हो. आपल्या मराठी वाहिन्या रोज ‘प्रधानमंत्री’ म्हणतात त्याचं काय? पंतप्रधान हा आपला शब्द आहे. माझ्या पुतण्याने शाळेत निबंधात ‘पंतप्रधान’ लिहिलं तर बाईंनी खोडून ‘प्रधानमंत्री’ केलं. मराठीच्या बाई!

कृष्णाकाठ
‘आपला’ म्हणजे कुणाचा? पंत कोण होते ते आम्हाला माहीत आहे. पंत अमात्य, पंत सचिव, पंत प्रतिनिधी. लोकशाहीत निवडून आलेल्या माणसाला पेशवाईचं शेपूट कशाला? प्रधानमंत्री काय वाईट आहे?

ठाण्याचा ठोंब्या
आली जात! वाटच बघत होतो. प्रधानमंत्री हिंदी आहे, एवढंच वाईट आहे.

कृष्णाकाठ
जात शब्दात आहे, मी आणलेली नाही. आणि हिंदीचं म्हणाल तर प्रधान आणि मंत्री यातला हिंदी कुठला तेवढं सांगा. पेशव्यांच्या शिक्क्यावर काय कोरलेलं असायचं? ‘बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’. तिथेही पंत नाही.

जुना जाणता
दोघांनी जरा पाणी प्या. ‘पेशवा’ हा फारसी शब्द, अर्थ पुढे असणारा, म्होरक्या. म्हणजे अगदी टीशक. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात पेशव्याला ‘प्रधान’ दिलाय. तरी लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला. कोश करून शब्द बसतोच असं नाही. नागवेल यांच्या स्वाभिमानाच्या मुद्द्यात त्यामुळे थोडं, अगदी थोडं, तथ्य आहे.

नागवेल
अगदी थोडं! आभारी आहे सरकार.

कृष्णाकाठ
मुख्य मुद्द्याला उत्तर नाहीच आलं. पंत कशाला?

ठाण्याचा ठोंब्या
शिक्क्यावर ‘पंत’ नव्हता, मान्य. मग ‘मुख्य प्रधान’ म्हणा, माझी ना नाही. वाहिन्यांची हिंदी मात्र मी ऐकून घेणार नाही.

सुरमई फ्राय
माझं माहेर वराडच्या, म्हणजे वराडकरांच्या वडिलांच्या गावाच्या, पलीकडच्या गावात. आजी वराडकरांना ‘आयर्लंडचो परधान’ म्हणायची. ना पंत, ना मंत्री, ना टीशक. 2019च्या अखेरीस ते वराडला येऊन गेले, तेव्हा तिचा प्रश्न एकच होता: ‘तेका मालवणी येता काय?’

नागवेल
बरं, रिकामटेकडे, शेवटचं विचारतो. 2020 ते 2022 वराडकर ‘तानिश्ते’ होते. गेलिक सरदार जिवंत असतानाच त्याच्या जागी कोण बसणार हे ठरवून ठेवत, त्या निवडलेल्या माणसाचं हे नाव. त्याचं मराठी काय करणार?

रिकामटेकडा
उपपंतप्रधान.

नागवेल
वारसदाराला ‘उप’? धन्य आहे.

रिकामटेकडा
मग वारसदार लिहा. आघाडीच्या कराराप्रमाणे डिसेंबर 2022मध्ये परत गादीवर बसलेच की. एवढ्यापुरतं तुमचं बरोबर, पण बदाम मिळणार नाही.